प्राचीन डीएनए आणि प्रागितिहासाचे कथन

प्रागितिहासाला लिखित साधने नसतात. म्हणून त्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक ज्ञानशाखेला अवशेषांकडून कथनाकडे जावे लागते. खापरे, हाडे, भाषांमधील ध्वनिसाम्ये ही त्याची जुनी साधने होत. त्यांत आता प्राचीन डीएनएची भर पडली आहे. निअँडरथल मानवाच्या जनुकसंचाचा आराखडा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि या संशोधनाचे प्रवर्तक स्वान्ते पाबो यांना २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या शास्त्राच्या प्रयोगपद्धतीविषयी मत देण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला नाही. परंतु तिचे निष्कर्ष ज्या संज्ञांतून आणि रूपकांतून वाचकापर्यंत पोचतात, त्यांची चिकित्सा हे समीक्षेचेच काम आहे. या दृष्टीने डेव्हिड राइक यांचा ‘हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर’ आणि टोनी जोसेफ यांचा ‘अर्ली इंडियन्स’ हे २०१८ मधील दोन ग्रंथ विचारात घेण्याजोगे आहेत.

प्रथम संज्ञांचा प्रश्न. २००९ च्या शोधनिबंधात राइक व त्यांच्या हैदराबादच्या सहकाऱ्यांनी आजचे बहुतेक भारतीय दोन पूर्वजसमूहांच्या मिश्रणातून आल्याचे मांडले आणि त्या समूहांना ‘उत्तर भारतीय पूर्वज’ व ‘दक्षिण भारतीय पूर्वज’ अशी नावे दिली. पश्चिम युरेशियातून मोठे स्थलांतर झाले, या मांडणीला भारतीय सहकाऱ्यांचा आक्षेप होता आणि चर्चेअंती ही तटस्थ नावे ठरली, हे राइक स्वतःच सांगतात. त्यांचा हा प्रांजळपणा ग्रंथाचे मोल वाढवतो. मात्र सांख्यिकीय प्रारूपातील या दोन घटकांना दिशावाचक नावे मिळताच वाचकाच्या मनात ते दोन प्रदेश आणि पुढे दोन वंश होतात. ‘आर्य’ आणि ‘द्रविड’ या भाषाशास्त्रातील संज्ञांचे एकोणिसाव्या शतकात असेच वंशवाचक संज्ञांत रूपांतर झाले होते. एक वाद टाळण्यासाठी योजलेल्या नावांनी अशा रीतीने दुसऱ्या वादाला वाट करून दिली.

जोसेफ यांचे बलस्थान रूपकात आहे. भारतीय समाजाला ते पिझ्झाची उपमा देतात: आद्य भारतीय हा तळ, त्यावर सर्वत्र पसरलेला सॉस म्हणजे हडप्पावासी, आणि वरचे थर नंतर आलेल्यांचे. तळ सर्वांचा एकच, हे या रूपकातून सहज पटते. शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात त्याचे महत्त्व मोठे आहे. पण पिझ्झाचे थर वेगळे काढून दाखवता येतात, मिश्रणाचे तसे नसते. शिवाय थरांची कल्पना एक निश्चित क्रम गृहीत धरते. झाग्रोस भागातील शेतकऱ्यांच्या आगमनाला जोसेफ यांच्या कथनात मध्यवर्ती स्थान आहे. २०१९ मध्ये राखीगढीच्या जनुकसंचावरील शोधनिबंधाने मात्र दाखवले, की हडप्पावासीयांतील इराणी संबंधाचा घटक शेतीच्या उदयापूर्वीच, सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी, इराणच्या पठारावरील शाखेपासून अलग झाला होता. निष्कर्ष बदलला, वाचकाच्या मनातील रूपक मात्र तसेच राहिले.

राखीगढीचे उदाहरण आणखी एका कारणासाठी बोधप्रद आहे. तेथील साठाहून अधिक नमुने तपासल्यावर केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून पुरेसा डीएनए मिळाला. उष्ण हवामानात तो टिकत नाही. या स्त्रीच्या जनुकसंचात गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नाही. यावरून आर्यांचे स्थलांतर झालेच नाही, असा निष्कर्ष भारतात जाहीरपणे काढला गेला. वस्तुतः त्याच काळात प्रसिद्ध झालेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासावर आधारित दुसऱ्या शोधनिबंधानुसार हा अंश दक्षिण आशियात आला तो इ.स.पू. २००० ते १५०० या काळात. ही स्त्री त्यापूर्वीची आहे. जो अंश अद्याप आलेलाच नव्हता, त्याचा तिच्या ठायी अभाव असणे अपेक्षितच होते. त्यातून स्थलांतराचे खंडन होत नाही. एका देहाला संपूर्ण संस्कृतीचे प्रतिनिधित्व देणे हा अलंकारशास्त्राला परिचित असलेला व्यवहार आहे. काव्यात तो शोभतो. प्रमाण म्हणून मात्र तो अपुरा ठरतो.

शेवटी भाषेचा मुद्दा. जनुकसंचाला भाषा नसते. गुस्टाफ कोसिना यांनी खापरांच्या वाटपातून जमाती निश्चित केल्या आणि त्या मांडणीचा पुढे नाझी राजवटीने उपयोग करून घेतला. खापरांच्या जागी जनुके आली, तरी धोका तोच राहतो. मराठीच्या अभ्यासकाला याचे भान विशेष हवे. घोड नदीकाठच्या इनामगावी ताम्रपाषाणयुगीन लोक मृत मुलांना तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरत असत. त्यांचे पूर्वज कोण होते, हे उद्या डीएनएवरून कदाचित सांगता येईल. त्या मुलांना निरोप देताना आईने कोणत्या भाषेत शोक केला, हे त्यावरून कळणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रातील ग्रामनामे, मराठीतील द्राविडी अवशेष आणि प्राकृतांचा इतिहास यांचीच कास धरावी लागेल. प्राचीन डीएनएने वांशिक शुद्धतेचा दावा निराधार ठरवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. ते टिकवायचे, तर त्याच्या निष्कर्षांतून नवी वंशकथा रचली जाऊ नये, याची जबाबदारी वाचकालाही घ्यावी लागेल.