शहर किती वाजता पाहिलं?

आजचा विषय आहे रोमँटिक कवितेतलं शहर. कोंढ्यात बसून लंडनबद्दल काय बोलायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण धानाची कापणी आटोपली की आपल्या भागातून किती माणसं नागपूर-पुण्याकडं कामाला निघतात, हे तुम्ही जाणता. शहरावरच्या कविता अशा माणसांविषयी असतात, नाहीतर त्यांना वगळून लिहिलेल्या असतात. हा फरक कवितेतच कसा ओळखायचा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

दोन कविता घेऊ. विल्यम ब्लेकची ‘लंडन’ १७९४ सालची. वर्डस्वर्थचं वेस्टमिन्स्टर पुलावरचं सुनीत १८०२ सालचं. त्या नव्वदीच्या दशकात ब्लेक लँबेथला राहत होता, म्हणजे त्याच पुलापलीकडं. नदी तीच, शहर तेच, मध्ये जेमतेम आठ वर्षं. आणि चित्रं बघा किती वेगळी! ब्लेक रस्त्यातून पायी चालतो. भेटेल त्या चेहऱ्यावर त्याला दुबळेपणाच्या, दुःखाच्या खुणा दिसतात. पण त्याला दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं : धुराडी साफ करणाऱ्या पोराचा आक्रोश, शिपायाचा सुस्कारा, मध्यरात्री एका तरुण वेश्येनं दिलेला शाप. वर्डस्वर्थच्या पहाटे आवाजच नाही. हवा निर्धूर आहे, गलबतं, मनोरे, घुमट, देवळं उन्हात झळकताहेत, घरंसुद्धा जणू झोपलीत.

आता एक साधा प्रश्न विचारू या. हवा निर्धूर का आहे? कारण चुली आणि शेगड्या अजून पेटलेल्या नाहीत. पण ती धुराडी साफ करणारी पोरं झोपलेली होती का? नव्हती. ती अंधारातच उठून पिशव्या-झाडू घेऊन कामाला लागतात, हे ब्लेकनंच आपल्या आधीच्या एका कवितेत दाखवलं आहे. म्हणजे वर्डस्वर्थला जे शहर झोपलेलं दिसतं, त्यात कुणीतरी जागं होतंच.

म्हणून वर्डस्वर्थ खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. तो बहीण डोरोथीबरोबर घोडागाडीतून फ्रान्सला निघाला होता. शहर सोडताना, वरून, ओझरतं पाहिलेलं ते दृश्य आहे. दिवसाचं लंडन त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. ‘प्रिल्यूड’च्या सातव्या भागात गर्दीचं, जत्रेचं, डोकं भणभणून टाकणारं लंडन त्यानंच लिहिलंय. सुनितासाठी त्यानं वेळ निवडली, आणि ती निवडच त्या कवितेचा आशय आहे.

इथं मला कांटची आठवण होते. १७९० च्या ग्रंथात तो राजवाड्याचं उदाहरण देतो. राजवाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी रूसोसारखं म्हणेल की गरिबांच्या घामावर बड्यांनी केलेला हा डामडौल आहे. कांट म्हणतो, म्हणणं मान्य, पण प्रश्न तो नव्हताच. वर्डस्वर्थचं सुनीत म्हणजे असा राजवाडा. ब्लेक मात्र राजवाड्याकडे बघतो तेव्हा त्याला भिंतीवरून शिपायाचं रक्त ओघळताना दिसतं. त्याच्या लेखी प्रश्न तोच आहे.

मराठीत या. मर्ढेकर नवकवी खरे, पण माघातल्या पहाटेच्या मुंबई बंदरावरची त्यांची कविता बांधणीनं या सुनिताची जवळची नातलग आहे. धक्क्यावर बोटी साखरझोपेत आहेत, घरं हळूच डोकं उचलताहेत. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे, इथं दुधाचे हंडे कावडीवर घेऊन जाणारे गवळी आहेत आणि ओझ्यानं त्यांची मान मोडली आहे. दुसरं म्हणजे, ही पहाट गर्भवतीसारखी आहे. पोटात दिवसाची प्रचंड धांदल लपली आहे, ती आता बाहेर येणार. वर्डस्वर्थच्या लंडनचं हृदय निश्चल पडून आहे. मर्ढेकरांच्या मुंबईचं पोट जड आहे. हे सौंदर्य घोटभरच उरलं आहे, हे ते लपवत नाहीत. तरी गवळ्याची मान त्या चित्रातला एक तपशील होऊन जाते, ही या कवितेची मर्यादा मला वाटते.

ती मान सरळ करून बोलायला लावली अण्णा भाऊ साठ्यांनी. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला हा माणूस. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची तारीफ लावणीत गायली होती. अण्णा भाऊंनी तोच प्रकार उचलला आणि मलबार हिलच्या शेजारी परळ आणून उभं केलं. ही मुंबई पुलावरून किंवा बंदरावरून पाहिलेली नाही, कामावरून परतताना पाहिलेली आहे.

कुणी म्हणेल, हे समाजशास्त्र झालं, समीक्षा कुठं झाली? माझं उत्तर असं. सुनितातली शांतता माणसं वगळूनच तयार झाली आहे. इमारतींची यादी आहे, माणूस एकही नाही. ती रिकामी जागा मी बाहेरून आणलेली नाही, ती कवितेच्या रचनेतच आहे. वर्डस्वर्थचं सुनीत सुंदर आहे, ते जरूर वाचा. पण शहराची कविता वाचताना कवी कुठं उभा आहे, किती वाजलेत आणि त्या वेळी कोण जागं आहे, हे विचारत चला. गावातून शहरात गेलेलं आपलं माणूस बहुधा त्याच वेळी कामावर निघालेलं असतं.