फाईलची नोंद : आत की बाहेर?

देगलूर-बिलोलीच्या मराठीत तेलुगूचा आणि निलंगा-उदगीरच्या मराठीत कन्नडचा संपर्क जाणवतो. या सीमाभागातील बोलीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकास वक्त्याचे गाव, वय, घरची भाषा आणि मुद्रणाचा दिवस ही माहिती ध्वनीइतकीच मोलाची असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोली-सर्वेक्षणाचे मूल्यही अशा नोंदींवरच उभे आहे. नोंद हरवली की आवाज उरतो, पुरावा उरत नाही. म्हणून ही माहिती, म्हणजे मेटाडेटा, संगणकात कोठे ठेवावी हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा मानता येत नाही.

जुन्या पोथीचा लेखनिक शेवटी पुष्पिकेत आपले नाव व शक नोंदवी. ग्रंथालयाची सूची मात्र पोथीबाहेर असे. संगणकातही हेच दोन मार्ग दिसतात. एमपी३ फाईलमधील आयडी३ किंवा छायाचित्रातील एक्झिफ ही पुष्पिकाच होय. ती फाईलबरोबर प्रवास करते, हा तिचा गुण. परंतु प्रत्येक फॉरमॅटची व्यवस्था निराळी. साध्या मजकुराच्या फाईलला तर अशी जागाच नाही. शिवाय नोंदीतील एक अक्षर सुधारले तरी फाईल बदलते आणि तिच्या अबाधितपणाची खूण असलेला चेकसमही बदलतो.

दुसरा मार्ग विंडोज २००० व एक्सपी यांनी अवलंबिला होता. एनटीएफएस व्यवस्थेत कोणत्याही फाईलला, तिच्या फॉरमॅटला हात न लावता, शीर्षक व लेखक जोडता येत. मात्र फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीत ही जोड उरत नसे. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाने ही सोय काढून टाकली व नोंद पुन्हा फॉरमॅटच्या स्वाधीन केली. दोष वाहतुकीत होता. टाकून दिले गेले ते तत्त्व. हा निर्णय समर्थनीय वाटत नाही.

भाषाभ्यासकांच्या परिचयाचे ईलॅन हे सॉफ्टवेअर लिप्यंतर व टीपा स्वतंत्र फाईलमध्ये ठेवते आणि तीत ध्वनिफाईलचा पत्ता लिहिते. मूळ मुद्रणास धक्का लागत नाही, हे इष्टच. परंतु दोहोंपैकी एकच फाईल पाठविली गेली, तर ताटातूट ठरलेलीच.

तात्पर्य, नोंद स्वतंत्र असावी, पण निराधार नसावी. ती युनिकोडमधील साध्या मजकुरात, मुद्रणाच्याच नावाने, त्याच्या शेजारी ठेवावी आणि एक कायम क्रमांक दोहोंस द्यावा. तो क्रमांक, गाव व दिनांक मुद्रणाच्या आरंभी अभ्यासकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारावेत. फॉरमॅट बदलला, शेजारची नोंद गहाळ झाली, तरी ही ध्वनिरूप पुष्पिका आवाजाबरोबर टिकेल. सविस्तर सूची बाहेर आणि किमान ओळख आत, ही पोथीशाळेची जुनी विभागणी आजही अधिक शास्त्रशुद्ध ठरते.