‘शिष्यवृत्ती’ की सालदारकी? परदेशी विद्यापीठांतील क्रीडासाहाय्याच्या परिभाषेची चिकित्सा

मराठीत ‘स्कॉलरशिप’ ह्या शब्दासाठी ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा त्याच्या उत्तरपदाबरोबर एक जुना अर्थसंस्कारही आला. ‘वृत्ति’ म्हणजे उपजीविका, निर्वाहाचे साधन. ग्रामव्यवस्थेत जोशीपण, उपाध्येपण ह्या वृत्ती होत्या. त्यांचा उपभोग घेणारा तो वृत्तिवंत. अशी वृत्ती एकदा लागली की ती सहसा तुटत नसे, आणि दुसऱ्याची वृत्ती तोडणे ह्याला ‘वृत्तिच्छेद’ असे स्वतंत्र नाव असून ते पाप गणले जाई. शिष्याला मिळणारी वृत्ती ही ह्याच कुळातली. ती गुणवत्तेला मिळते, विद्येसाठी मिळते आणि घेणाऱ्याने अभ्यासाखेरीज दुसरे काही द्यावयाचे नसते, असा ह्या शब्दाचा मराठी कानावर उमटणारा अर्थ आहे.

अमेरिकेतील विद्यापीठे खेळाडूंना जे आर्थिक साहाय्य देतात त्याला गेल्या काही वर्षांत मराठीत सर्रास ‘क्रीडा शिष्यवृत्ती’ म्हटले जाते. मार्गदर्शनपर लेखांत, सल्लागारांच्या पत्रकांत आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर हाच शब्द आढळतो. तापीकाठच्या सारंगखेड्यासारख्या गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी ही वार्ता पोहोचते तीही ह्याच शब्दातून. घरात बोलावयाची भाषा अहिराणी, गुजरी किंवा भिलीची एखादी बोली; कागदावरची भाषा इंग्रजी; मधला दुवा म्हणून हा एक मराठी शब्द. मुलाला किंवा मुलीला दूरदेशी धाडण्याचा निर्णय ह्या मधल्या शब्दावर तोलला जात असेल, तर त्याची तपासणी करणे हा केवळ कोशकाराचा छंद राहत नाही.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन मुख्यतः ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था करते. केवळ खेळातील गुणांवर, आर्थिक गरज न पाहता, साहाय्य देण्यास तिने 1956 मध्ये मान्यता दिली. 1973 मध्ये ह्या साहाय्याची मुदत एका वर्षावर आणण्यात आली. वर्षअखेर ते पुढे चालू ठेवावे की नाही हे ठरविताना प्रशिक्षकाचा शब्द निर्णायक होऊ लागला. एकाहून अधिक वर्षांची हमी देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती 2012 मध्ये. 2015 मध्ये पाच बलाढ्य विद्यापीठसंघांनी केवळ खेळातील कामगिरी घसरली म्हणून साहाय्य काढून घेण्यास मज्जाव केला. म्हणजे सुमारे चार दशके ह्या ‘वृत्ती’चा छेद दरवर्षी होऊ शकत होता, आणि त्यात कोणाला पाप वाटत नव्हते. शिवाय हे साहाय्य सर्वत्र मिळतेच असेही नाही. ह्या संस्थेच्या तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी काहीही देत नाहीत. हार्वर्ड, प्रिन्स्टन आदी विद्यापीठांचा ‘आयव्ही’ संघही देत नाही. नाव मोठे तेथे क्रीडासाहाय्यही मोठे, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

ह्या व्यवहारातील कागदपत्रांची परिभाषाही अभ्यासण्याजोगी आहे. 1964 पासून 2024 पर्यंत प्रवेशेच्छू खेळाडूकडून जो कागद सही करून घेतला जाई त्याचे नाव ‘राष्ट्रीय इरादापत्र’ असे होते. इरादा म्हणजे मनातील हेतू. तो बदलता येतो. ह्या पत्राने मात्र खेळाडू बांधला जाई आणि ते मोडल्यास खेळण्याच्या हक्कावर गदा येई. नाव इराद्याचे, काम कराराचे. भाषेचा हा प्रकार अनवधानाने घडत नाही.

ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा जोडशब्द. आज मराठीत त्याचे ‘विद्यार्थी-खेळाडू’ असे निष्पाप भाषांतर केले जाते. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ नावाच्या फुटबॉलपटूला कामगार म्हणून नुकसानभरपाईस पात्र ठरविले होते. पुढे 1955 मध्ये त्याच राज्यातील एका महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. 1957 मध्ये न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा संस्थेचा नोकर ठरू नये, ह्या चिंतेतून ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द घडविण्यात आला आणि नियमांत सर्वत्र पेरण्यात आला. ही माहिती कोणा विरोधकाने दिलेली नाही. संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स ह्यांनीच 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ती नमूद केली आहे.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याने येथे एक प्रश्न विचारावा. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा समास कोणता? द्वंद्व मानला तर दोन्ही पदे तुल्यबल: तो विद्यार्थी आहे आणि खेळाडूही आहे. कर्मधारय मानला तर पूर्वपद विशेषण होते आणि भर खेळाडूवर पडतो. परंतु अमेरिकन कायद्याच्या व्यवहारात हा समास ह्यांपैकी कोणत्याच रीतीने चालला नाही. तेथे पूर्वपदाचे काम उत्तरपदाचा एक संभाव्य अर्थ रद्द करणे एवढेच होते. खेळाडू आहे, पण विद्यार्थी असल्यामुळे श्रमिक नाही. असा नकार त्या जोडरेघेत दडलेला होता. भाषांतरात जोडरेघ आली, नकार मागे राहिला.

परदेशी खेळाडूच्या बाबतीत मात्र हे पूर्वपद आणखी एक रूप धारण करते, आणि ह्या परिभाषेवर टीका करणाऱ्यांनी ते सहसा ध्यानात घेतलेले नाही. महाराष्ट्रातून गेलेला मुलगा तेथे राहतो तो ‘एफ-1’ ह्या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. पूर्ण अभ्यासक्रम चालू ठेवणे ही त्याच्या वास्तव्याची अट असते आणि परवानगीवाचून रोजगार करणे त्याला निषिद्ध असते. 2021 च्या जुलैपासून अमेरिकन खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि सादृश्य ह्यांचा मोबदला घेण्याची मोकळीक मिळाली. (‘नामरूप’ हा वेदान्त्यांचा जोडशब्द येथे अनायासे लागू पडतो, नामरूपाला एवढा बाजारभाव येईल, हे मात्र कोणा वेदान्त्याच्या ध्यानी आले नसावे.) 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर इतकी होती. ह्या नव्या पंगतीत व्हिसाच्या अटींमुळे परदेशी खेळाडूला हात राखूनच बसावे लागते. अमेरिकन खेळाडूच्या दृष्टीने ‘विद्यार्थी’ हे पद मोबदल्याच्या आड येणारी भिंत होती. परदेशी खेळाडूच्या दृष्टीने ती पायाखालची जमीन आहे. तो विद्यार्थी नसेल, तर तेथे तो उभाच राहू शकत नाही. एकाच शब्दाने एकाच संघातील दोघांना दोन निराळ्या दशा प्राप्त व्हाव्यात, हे अर्थविचाराच्या अभ्यासकाला उद्बोधक वाटेल. त्या दुसऱ्या खेळाडूच्या घरच्यांना ते आधी कळणे अधिक अगत्याचे आहे.

मराठीजवळ ह्या संबंधासाठी स्वतःचे शब्द नव्हते असे नाही. ‘तालीम’ हा शब्द मूळ अरबीत शिक्षणाचा वाचक. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्याला लागला. शरीर कमावणे हेही शिकणेच आहे, ही जाणीव त्या अर्थांतरात दिसते. उलट इंग्रजी ‘स्कॉलरशिप’चे मूळ ग्रीकमधील फुरसतवाचक शब्दात सापडते, पहाटे पाच वाजता पोहण्याच्या तलावात उतरणाऱ्या शिष्यवृत्तिधारकाला ही व्युत्पत्ती न सांगितलेली बरी. तालमीतील मल्लाला जे मिळे त्याचे नाव ‘खुराक’. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मल्लांना राजाश्रय होता, आणि खुराक घेणाऱ्याने मैदान मारावयाचे ही अपेक्षा कोणी लपवून ठेवीत नसे. ‘खुराक’ हा प्रामाणिक शब्द आहे. तो विद्येचा आव आणीत नाही.

खाशाबा जाधवांची हकीकत ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूर दरबारच्या साहाय्याने. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ह्या व्यवहाराला ‘शिष्यवृत्ती’ असे कोणी म्हटले नाही. वर्गणी, मदत, गहाण असेच शब्द त्याभोवती आहेत. तथापि शिष्यासाठी गुरूने निरपेक्षपणे केलेली तजवीज हा ‘शिष्यवृत्ती’ शब्दाचा जो मूळ आशय, तो येथे जितका पूर्णपणे उतरला आहे तितका कोणत्याही अमेरिकन करारात उतरलेला नाही. ज्या वस्तूला हे नाव शोभले असते तिला ते मिळाले नाही, आणि जिला मिळाले तिचा स्वभाव खुराकाचा आहे.

ह्याचा अर्थ ती वाट त्याज्य आहे असा नव्हे. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून टेनिस खेळला. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या सोमदेव देववर्मनने 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेचे महाविद्यालयीन एकेरी विजेतेपद पटकावले. परंतु ही नावे बहुतेक टेनिसची आहेत, हे दृष्टीआड करता येत नाही. टेनिससाठी कोर्ट लागते, प्रशिक्षक लागतो आणि वर्षानुवर्षे स्पर्धांचा प्रवास करावा लागतो. हा खर्च ‘शिष्यवृत्ती’ मिळण्याच्या पूर्वीच होऊन गेलेला असतो. पुन्हा टेनिसमध्येही पुरुष आणि स्त्रिया ह्यांची स्थिती समान नव्हती. 2025 पर्यंतच्या नियमांनुसार पहिल्या श्रेणीत स्त्रियांच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, तर पुरुषांच्या संघाला साडेचार, आणि त्याही प्रशिक्षकाने तुकडे करून वाटावयाच्या. ‘साडेचार शिष्यवृत्त्या’ हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. शिष्य अर्धा असू शकत नाही. वेतन असू शकते.

ज्या खेळांत खानदेशचे मूल सहज तयार होईल, त्या कबड्डीला आणि खो-खोला तेथे स्थान नाही, क्रिकेटलाही नाही. उरते ते मुख्यतः धावणे. 1978 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा केनियन विद्यार्थी हेन्री रोनो ह्याने 81 दिवसांत चार जागतिक विक्रम केले. डोंगराळ मुलखातील मुलांना हेरून आणण्याची प्रशिक्षकांची धाव त्यापूर्वीच सुरू झाली होती. रोनोने ती सार्थ ठरविली. पण 1976 आणि 1980 ह्या दोन्ही ऑलिंपिकवर त्याच्या देशाने बहिष्कार घातल्यामुळे तो एकदाही तेथे धावला नाही, आणि पुढे मद्याच्या व्यसनाने त्याची कारकीर्द ढासळली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पुण्यातील टेनिसपटूंपेक्षा हे उदाहरण अधिक जवळचे आहे, आणि मराठी मार्गदर्शनपर लेखनाने ते जवळजवळ वगळले आहे.

सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. तेथे दात पाहून वय ठरते, देवमण आणि भोवरे पाहून शुभाशुभ ठरते, रेवाल चाल पाहून किंमत वाढते. माणसाची तुलना जनावराशी करण्याचा येथे हेतू नाही. लक्ष वेधावयाचे आहे ते भाषेकडे. त्या बाजारात सौद्याला सौदाच म्हणतात. कोणी घोडा विकत घेताना ‘अश्ववृत्ती’ देत असल्याचे सांगत नाही. धावण्याची वेळ, टेनिसपटूचा मानांक, चलत्‌चित्रे पाहून परीक्षा करणारा परदेशी प्रशिक्षकही पारखच करीत असतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पारखीला परीक्षा आणि सौद्याला प्रसाद म्हणण्यात.

पर्यायी शब्द कोणता घ्यावा? ‘विद्यावेतन’ हा शब्द मराठीत आहेच. निवासी डॉक्टर आणि शिकाऊ उमेदवार ह्यांच्या संदर्भात तो रुळलेला आहे. शिकणे आणि राबणे ही दोन्ही अंगे तो मान्य करतो. त्या धर्तीवर ‘क्रीडावेतन’ म्हणणे शक्य आहे. त्यावर असा आक्षेप येईल की, परदेशी विद्यार्थ्याच्या कागदपत्रांत ‘वेतन’ ह्या शब्दाची छाया पडणेही धोक्याचे आहे. आक्षेप सयुक्तिक आहे. पण कागदपत्रे इंग्रजीतच राहणार आहेत, आणि प्रश्न घरच्या माणसांच्या समजुतीचा आहे.

त्या समजुतीसाठी खानदेशातील एक शब्द ह्या दोहोंहून नेमका ठरतो: सालदारकी. आखाजीला सालदार ठरतो. वर्षाचा मेहनताना, धान्य, उचल ह्यांची बोली होते. पुढच्या आखाजीला करार नव्याने होतो किंवा मोडतो. वर्षावर्षाने वाढविण्याच्या करारासाठी पाठ्यपुस्तकी मराठीत ‘नूतनीकरणक्षम’ असा शब्द सुचविला जातो आणि ऐकणाऱ्याला सौरऊर्जा आठवते. ‘सालदारकी’ म्हटले की, सारंगखेड्याच्या ओट्यावरील निरक्षर म्हाताराही योग्य ते प्रश्न विचारू लागेल. साल किती वर्षांचे लिहिले आहे? मुलगा दुखणाईत पडला तर दवाखाना कोणाच्या अंगावर? (पहिल्या श्रेणीतील संस्थांवर खेळातील दुखापतीचा वैद्यकीय खर्च खेळाडू बाहेर पडल्यावरही दोन वर्षे सोसण्याचे बंधन आले ते 2024 च्या ऑगस्टमध्ये.) ज्याने बोली केली तो मालक, म्हणजे प्रशिक्षक, मधेच दुसरीकडे गेला तर बोली कोण पाळणार? मुलाला दुसऱ्याच्या शेतावर जाता येईल काय? (2021 पूर्वी अनेक खेळांत विद्यापीठ बदलणाऱ्याला एक वर्ष खेळाबाहेर बसावे लागे.) आणि साल मोडले तर त्याचे शिक्षण कोणत्या इयत्तेत मोडेल?