अवयवजननाचा संकेत : एका सूत्राची मर्यादा

फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. तंबाखूच्या भेंडाची ऊती कृत्रिम माध्यमात वाढविताना ऑक्झिनाचे प्रमाण कायनेटिनच्या तुलनेने अधिक ठेवल्यास मुळे फुटतात, उलट केल्यास कोंब येतात आणि मधल्या प्रमाणात केवळ कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन पुंज, वाढतो, असे त्यांनी दाखविले. प्रत्येक अवयवाचे जनक द्रव्य निराळे असते, ही युलिउस झाक्स यांच्या काळापासूनची कल्पना त्यामुळे मागे पडली.

तथापि पाठ्यपुस्तके या सूत्रालाच अवयवजननाचा उलगडा मानतात, तेथे आक्षेप घेणे प्राप्त आहे. माध्यमातील द्रव्ये सर्व ऊतीला पुरविली जातात. मग मोजक्याच पेशी नव्या अवयवाचा आरंभ का करतात? या प्रश्नाला गुणोत्तर स्पर्शही करीत नाही.

त्यावर प्रकाश पडला तो पुढील काळात. २००० साली राइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या ज्या प्ररोहाग्रावर ऑक्झिनाचे वहन रोखल्याने पाने येणे थांबले होते, त्यावर एका बाजूस ऑक्झिन लावले. तेथेच पान उद्भवले. २००८ साली दुब्रोव्स्की प्रभृतींनी अॅराबिडॉप्सिसच्या मुळातील परिरंभाच्या सुट्या पेशींत ऑक्झिन निर्माण करविले, तेव्हा त्या पेशी पार्श्वमुळांच्या आद्यपेशी बनल्या. द्रव्य तेच, परंतु एकीकडे पान, दुसरीकडे मूळ. संकेताचा अर्थ तो ग्रहण करणाऱ्या पेशीचे स्थान व पूर्ववृत्त यांवरही अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

कॅलस म्हणजे पूर्वसंस्काररहित पेशींचा समूह, हे गृहीतही आता डळमळले आहे. अॅराबिडॉप्सिसचे मूळ, बीजपत्र व पाकळी यांपासून मिळविलेला कॅलस मूलाग्राशी साधर्म्य दाखवितो, असे सुगिमोतो, जियाओ व मायरोविट्झ यांना २०१० साली आढळले. हा निष्कर्ष तंबाखूच्या भेंडाला जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे. परंतु भेंडाच्या पेशीही कोऱ्या होत्या असे गृहीत धरण्यास आता आधार उरत नाही.

स्कूग-मिलर यांच्या प्रयोगाला यामुळे बाध येत नाही. दोन द्रव्यांचा परस्परसंबंध त्यांनी निर्विवादपणे सिद्ध केला. दोष आहे तो प्रयोगातील अटीला कारणमीमांसा समजणाऱ्या उत्तरकालीन वाचनाचा. गुणोत्तराचे कोष्टक अभ्यासताना पेशी मूळच्या कोणत्या ऊतीतील आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.