मेलेल्यांच्या वाट्याचा आजार

मागच्या व्याख्यानात आपण कप्लान-मायर वक्राची ओळख करून घेतली. १९५८ सालचा हा वक्र आजही वैद्यकीय शोधनिबंधांत पदोपदी भेटतो. आज त्याच्या एका गैरवापराबद्दल बोलायचं आहे, कारण त्यातून निघालेला आकडा शेवटी रुग्णाच्या कानावर पडतो.

अभ्यासातून मधेच सुटलेल्या रुग्णाचं काय करतात, ते आठवून बघा. कुणी गाव बदललं, कुणी तपासणीला यायचं थांबवलं. अशाला 'सेन्सॉर' करतात. त्यामागे एक गृहीतक असतं: हा माणूस आपल्याला दिसत नसला तरी कुठेतरी आहे, आणि त्याला तो आजार होण्याची शक्यता इथे उरलेल्यांइतकीच आहे. गाव बदललेल्याबाबत हे चालून जातं. पण रुग्ण हृदयविकाराने वारला तर? त्याला आता कर्करोग होणं शक्यच नाही. एका घटनेने दुसरीची वाटच बंद केली. याला कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात. आपण स्पर्धक जोखीम म्हणू. असे मृत्यूही 'सेन्सॉर' करून शक्यता काढली, की काय होतं ते पाहू.

आकडे सोयीसाठी आमच्या मनचे घेतो. १०० वयस्कर माणसं. पहिल्या पाच वर्षांत १० जणांना कर्करोग झाला. पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५० जण इतर कारणांनी गेले. उरले ४०. पुढच्या पाच वर्षांत त्यांतल्या १० जणांना कर्करोग झाला. मग दहा वर्षांत किती जणांना झाला? १०० पैकी २०, म्हणजे २० टक्के. हे शाळकरी पोरही सांगेल. कप्लान-मायर काय सांगतो? पहिल्या टप्प्यात ९० टक्के वाचले, दुसऱ्या टप्प्यात ७५ टक्के. गुणाकार ६७.५. म्हणजे कर्करोगाची शक्यता ३२.५ टक्के. हे जादाचे साडेबारा आले कुठून? त्या ५० मृतांकडून! त्यांच्यातल्याही पाव लोकांना पुढे कर्करोग 'झाला' असं गणिताने धरलं. आता उरलेले ३० जण दहाव्या वर्षाच्या अखेरीस इतर कारणांनी गेले असं समजा, आणि कर्करोगाला सेन्सॉर करून इतर मृत्यूंची शक्यता काढा. ती येते १०० टक्के. दोन्हींची बेरीज १३२.५. शंभर माणसांत एकशे बत्तीस घटना!

हे काही कागदावरचं कोडं नाही. एमजीयूएस नावाची एक अवस्था आहे. रक्तात एका विशिष्ट प्रकारचं प्रथिन सापडतं, सहसा त्रास काही नसतो, पण काहींना पुढे मल्टिपल मायलोमा किंवा त्याच गोत्रातला आजार होतो. अमेरिकेत मिनेसोटाच्या आग्नेय भागातल्या अशा १,३८४ रुग्णांचा अभ्यास रॉबर्ट काइल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. प्रत्यक्षात आजार झाला १४७ जणांना, म्हणजे ११ टक्के. आणि ३५ वर्षांतली जोखीम? ३६ टक्के. तिप्पट! लेखक प्रामाणिक आहेत. हा आकडा इतर कारणांनी झालेले मृत्यू हिशोबात न धरता काढला आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. पण आकडा प्रवासाला निघतो तेव्हा ती ओळ मागेच राहते. निदानाच्या वेळी या रुग्णांचं मध्यक वय होतं ७२. त्यात ३५ मिळवा: १०७. आणि निदानानंतर निम्मे रुग्ण सुमारे आठ वर्षांत वारले होते. घाबरून समोर बसलेल्या सत्तरीतल्या बाईंना ३६ टक्के सांगायचं, म्हणजे त्या १०७ व्या वर्षापर्यंत दुसऱ्या कशानेच मरणार नाहीत असं धरून सांगायचं.

मग असा काल्पनिक प्रश्न विचारूच नये का? तसं नाही. १७६० मध्ये डॅनियल बर्नूलीने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हाच प्रश्न ठेवला होता: देवी नाहीशी झाली तर माणूस किती जगेल? त्याच्या हिशोबाने सरासरी आयुर्मान २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जात होतं. पण 'जर' हा शब्द त्याने लपवला नव्हता. शिवाय त्या 'जर'ला तपासणीची सोय नाही. स्पर्धक कारणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे अशा माहितीवरून ठरवताच येत नाही, हे त्सियाटिस यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलं.

आता दुसरी बाजू. फाइन आणि ग्रे यांची १९९९ ची पद्धत आली, आणि अनेकांना वाटलं, सुटलो! त्यात इतर कारणांनी वारलेल्यांना मुद्दाम जोखमीच्या गटात ठेवतात. त्यामुळे प्रत्यक्ष किती जणांना आजार होईल याचं मॉडेल बांधता येतं. अंदाजासाठी ती चांगली. पण समजा एखाद्या औषधाचा कर्करोगावर काहीच परिणाम नाही, मात्र त्याने हृदयविकाराचे मृत्यू वाढतात. कर्करोग व्हायला माणसंच कमी उरतील, आणि फाइन-ग्रेच्या गुणोत्तरात ते औषध कर्करोग टाळणारं दिसेल! म्हणून कारण शोधायचं असेल तर त्या त्या क्षणी जिवंत आणि आजारमुक्त असलेल्यांमधला दर बघावा. तिथे इतर मृत्यूंना सेन्सॉर करणंही चालतं, कारण आपण दर काढतोय, शक्यता नव्हे.

थोडक्यात, आजार कशाने होतो हा एक प्रश्न, आणि मला होईल का हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नये. पुढच्या वेळी शोधनिबंध हातात आला, की आजाराचा आणि इतर मृत्यूंचा, असे दोन्ही वक्र मागा. दोन्ही आकड्यांची बेरीज करून बघा. ती शंभराच्या वर गेली, तर त्या वक्रांत मेलेले लोक अजून आजारी पडताहेत.