अळीचा आठवडा : एका चित्रपुस्तकाची तपासणी

प्राण्यांवरच्या लहान मुलांच्या चित्रपुस्तकांकडे आपण मोठी माणसे फार वरवर पाहतो. चित्र मोठे, रंग ठळक आणि कागद सहसा न फाटणारा असला की पुस्तक 'मुलांचे' ठरते. पण तीन-चार वर्षांच्या मुलाची एखाद्या प्राण्याशी पहिली भेट बरेचदा अशा पुस्तकातच होते. म्हणून त्यात काय सांगितले आहे आणि कसे सांगितले आहे, हे पाठ्यपुस्तकाइतक्याच कसोशीने पाहायला हवे. या वेळी आम्ही निवडले आहे एरिक कार्ल (१९२९-२०२१) यांचे १९६९ साली प्रसिद्ध झालेले 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'.

कथा अगदी लहान आहे. पानावरच्या अंड्यातून अळी बाहेर येते. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असे करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, चीज असे दहा पदार्थ खाऊन तिचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर तिला बरे वाटते. मग ती कोशात जाते आणि शेवटी फुलपाखरू होते.

या पुस्तकाची खरी करामत त्याच्या बांधणीत आहे. पाने कमी-जास्त रुंदीची आहेत आणि प्रत्येक फळाला आरपार भोक आहे. मूल त्या भोकात बोट घालते, तेव्हा अळीने फळ कोरले म्हणजे काय केले, हे त्याला सांगावे लागत नाही. एक ते पाच आकडे, वारांचा क्रम आणि खाल्ल्याने वाढ होते ही गोष्ट असे तिन्ही धडे मूल खेळता खेळता शिकते. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू हा क्रमही बरोबर आहे. इतक्या कमी शब्दांत एवढे साधणारी पुस्तके थोडीच आहेत.

आता चुकांकडे वळू. शनिवारचा केक ही आमच्या मते चूक नाही. ती उघड थट्टा आहे. अळी आइस्क्रीम खात नाही हे मुलांनाही कळते, म्हणून तर ती हसतात. अडचण आहे ती गंभीर चेहऱ्याने सांगितलेल्या गोष्टींची.

पहिली गोष्ट फळांची. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पाने खातात, आणि तीही कुठलीही नव्हेत. लिंबावरची अळी लिंबाच्याच कुळातली पाने खाते, रुईवरची अळी रुईची किंवा तिच्या जवळच्या वनस्पतींची. मादी नेमक्या त्याच झाडावर अंडी घालते. कार्ल यांच्या अळीला मात्र ठरावीक झाडच नाही. याचे कारण पुस्तकाच्या जन्मकथेत सापडते. मूळ कल्पनेत नायक विली नावाचा किडा होता. संपादक अ‍ॅन बेनेडुक यांनी त्याच्या जागी अळी सुचवली. नायक बदलला, पण किड्याचा खादाडपणा तसाच राहिला असे दिसते.

दुसरी गोष्ट कोशाची. पुस्तकातली अळी स्वतःभोवती एक छोटे घर बांधते. असे रेशमी घर रेशीमकिडा आणि इतर अनेक पतंग विणतात. फुलपाखराच्या अळीचे सहसा तसे नसते. ती रेशमाच्या धाग्याने स्वतःला फांदीला अडकवते आणि शेवटची कात टाकते. त्या कातीखालून जो दिसतो तो कोश, म्हणजे तिच्याच शरीराची पुढची अवस्था. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, त्यामुळे तिथे ही चूक निदान चर्चेत आली. मराठीत आपण दोन्हींना 'कोश'च म्हणतो, म्हणून आपल्याकडे ती अधिकच लपून राहते.

तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. पुस्तकात हे घर कुरतडून फुलपाखरू बाहेर येते. पण फुलपाखराला कुरतडण्याचे जबडेच उरलेले नसतात. त्यांच्या जागी मध शोषणारी सोंड आलेली असते. कोशाचे आवरण उकलते आणि ते बाहेर पडते. रूपांतराची खरी नवलाई इथेच आहे, आणि पुस्तकाने नेमकी तीच गाळली आहे.

एवढ्या लहान मुलांसाठी हा काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. टोरांटो विद्यापीठाच्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तकात प्राण्यांना माणसासारखे बोलायला-वागायला लावले, तर मुले खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवतात आणि त्यातली लहान मुले नवी माहिती कमी शिकतात, असे त्यांना आढळले. कार्ल यांची अळी कपडे घालत नाही, बोलत नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. पण पुस्तकातली माहिती मुले कृतीत आणतात. बरणीत अळी ठेवून तिला पेरूची फोड देणारे मूल क्रूर नसते. त्याने पुस्तकावर विश्वास ठेवलेला असतो, आणि अळी उपाशी मरते.

म्हणून हे पुस्तक कपाटातून काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. ते वाचून दाखवाच, आणि त्याच आठवड्यात मुलांना लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाजवळ न्या. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवी होते, हे त्यांना स्वतः शोधू द्या. अळी पाळायची असेल तर ज्या झाडावर ती सापडली, त्याचीच ताजी पाने रोज द्या. मग पुन्हा पुस्तक उघडा आणि विचारा : यातले काय खरे, काय गमतीचे आणि काय चुकलेले? पाच वर्षांची मुले ही तीन खाती वेगळी करू शकतात. पुस्तक निवडतानाही हीच कसोटी लावावी : त्यातली गंमत मुलाला गंमत म्हणून ओळखता येते का?