‘गाणारे’ व्हायोलिन आणि समीक्षेची परिभाषा

व्हायोलिनच्या मैफलीविषयी लिहिताना हिंदुस्थानी संगीताची समीक्षा बहुधा एकाच गौरवशब्दाचा आश्रय घेते : वाद्य ‘गाते’. एन. राजम् (जन्म १९३८) यांच्या वादनाबाबत हा शब्द यथार्थ आहे. पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडून मिळालेली ख्यालगायकी त्यांनी गजावर उतरवली. अखंड मींड, श्वासाशी नाते सांगणारा दीर्घ गज आणि बंदिशीतील अक्षरांनुसार बदलणारा आघात, हा त्या साधनेचा गाभा होय. कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी यांच्यासह त्यांनी केलेल्या सहवादनाकडेही ‘गायकी अंगा’च्या परिभाषेतूनच पाहिले जाते.

मात्र व्हायोलिनला शब्द नसतात. ज्याला बंदिश पाठ आहे तो श्रोता स्वरांतून अक्षरे ऐकतो. ज्याला ती अपरिचित आहे त्याच्यापुढे केवळ स्वराकृती असते. एकाच मैफलीत अशा दोन संहिता संभवतात आणि ‘गायकी’चा निकष पहिल्या श्रोत्याचाच अनुभव प्रमाण मानतो. शिवाय व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांच्या वादनातील, गजाच्या आघातांतून उभ्या राहणाऱ्या लयकारीला या निकषात पुरेशी जागा नाही. ती कंठाची नव्हे, तंतुवाद्याची भाषा आहे.

भाषांतर मुळाशी किती एकनिष्ठ, एवढेच विचारणारी मीमांसा तौलनिक साहित्याभ्यासाने मागे टाकली आहे. संगीतसमीक्षेलाही हा टप्पा ओलांडावा लागेल. वाद्य गळ्याच्या किती जवळ गेले, याबरोबरच गळ्याला न साधणारे त्याने काय दिले, हेही तिने सांगितले पाहिजे.